शहरातली आईस्क्रीमची दुकानं पारखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी शहरातल्या छोट्या-मोठ्या आईस्क्रीमच्या दुकानांत जाऊन खातोय, वहीत लिहून ठेवतोय, आणि ओळखीतलं कोणी भेटलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून टाकू. हे कुठल्या एका शहराबद्दल नाहीये, जिथे दहा-वीस दुकानं आहेत आणि सगळे "आमचंच बेस्ट" म्हणतात अशा कुठल्याही शहरात चालेल.

नवीन दुकानात गेल्यावर पहिल्यांदा काय मागायचं?

व्हॅनिला. किंवा त्यांच्याकडे नुसत्या दुधा-सायीचा साधा फ्लेवर असेल तर तो. लोकांना हे बोअर वाटतं, "एवढ्या लांब येऊन व्हॅनिला?" असं तोंडावर म्हणतात, पण शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत साधंच लागतं ना. चॉकलेट, कॉफी, कॅरॅमल हे सगळे दांडगे फ्लेवर आहेत, त्यांच्याखाली जुनं दूध, करपलेली पावडर, फ्रीझरचा वास, काहीही लपतं. व्हॅनिलात लपायला जागाच नसते. अमेरिकेत दुग्धतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या चव पारखायच्या स्पर्धा होतात, तिथेही आईस्क्रीमच्या गटात व्हॅनिलाच ठेवतात, ते याच कारणानं.

व्हॅनिला पास झाला की मग त्यांचा फेमस फ्लेवर घ्या. उलटं करू नका, कारण एकदा फेमस फ्लेवर आवडला की आपण व्हॅनिलाला उगाच माफ करतो.

व्हॅनिला खरा आहे की इसेन्सचा, हे कसं ओळखायचं?

काळे ठिपके बघून तर अजिबात नाही. ते ठिपके म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतल्या बिया, आणि अर्क काढून घेतलेल्या शेंगांच्या बिया वेगळ्या विकत मिळतात, त्यांना जवळजवळ काहीच चव नसते, नुसत्या दिसायला घालतात. वासावर जा. घास तोंडात विरघळू द्या आणि नाकातून हळू श्वास सोडा. नुसत्या व्हॅनिलिनचा, म्हणजे इसेन्समधल्या मुख्य वासाच्या रसायनाचा, वास एकसुरी असतो, एकदम गोड आणि ठळक येतो आणि तसाच निघून जातो, खऱ्या शेंगेचा वास पसरत जातो, त्यात जरा लाकूड, जरा मनुका, कधी धुराची झाक असते आणि गिळल्यावरही मागे राहतो.

व्हॅनिलिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं १८७४ मध्ये, म्हणजे ही काही आजकालची भेसळ नाहीये, आणि खरी शेंग महाग का असते तेही समजून घ्या. ते ऑर्किडचं फूल असतं, एकच दिवस उमलतं, आणि त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर प्रत्येक फुलाचं परागीकरण हातानं करावं लागतं. ती हाताची पद्धत १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली, काडी आणि अंगठा वापरून, आणि आजही जगभर तीच वापरतात. मला ही गोष्ट कळल्यापासून खरा व्हॅनिला खाताना त्या मुलाची आठवण येतेच. इसेन्स वापरणाऱ्या दुकानाचे मी मार्क कापत नाही, पण इसेन्स वापरून "खऱ्या शेंगेचा" असं लिहिलं असेल तर कापतो.

"बर्फाळ" लागतं म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, इथे जरा वेळ देतो.

आईस्क्रीममध्ये बर्फ असतोच, फक्त तो इतका बारीक असतो की जिभेला वेगळा कळत नाही. चांगल्या आईस्क्रीममध्ये हे कण साधारण २० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, ५० च्या वर गेले की जिभेला खरखर जाणवायला लागते. मशीनमधून माल बाहेर येतो तेव्हा तो उणे ५-६ अंशाला असतो, मऊ असतो, पाण्यापैकी निम्मंच गोठलेलं असतं, आणि मग तो जितक्या झटपट उणे १८ च्या खाली नेला जाईल तितके कण बारीक राहतात. इथे ज्यांनी कंजूसपणा केला, म्हणजे साध्या फ्रीझरमध्ये टब रचून ठेवले आणि रात्रभर हळूहळू गोठू दिले, त्यांची रेसिपी कितीही भारी असू दे, माल खरखरीतच होणार.

दुसरं कारण साठवणुकीतलं. तापमान वर गेलं की बारीक कण वितळतात, परत खाली आलं की ते पाणी नवे कण करत नाही, उरलेल्या मोठ्या कणांवर जाऊन बसतं. असं चार-सहा वेळा झालं की बारीक कण संपले आणि मोठेच राहिले. झाकण दर दोन मिनिटांनी उघडतंय, डिलिव्हरीची गाडी उन्हात उभी आहे, टब काउंटरवर विसरलाय, रात्री फ्रीझर बंद करतात, सगळ्याचा परिणाम हाच. मी एका दुकानाला पहिल्या भेटीत फार वरचे मार्क दिले होते, दोन आठवड्यांनी मित्रांना कौतुकानं घेऊन गेलो तर तोच व्हॅनिला दाताखाली कचकच वाजला. रेसिपी तीच, माणूस तोच, फ्रीझर दमलेला. तेव्हापासून एका भेटीवर मी कुठल्याच दुकानाबद्दल मत देत नाही, निदान दोन भेटी, आणि त्यातली एक गर्दीच्या रात्री उशिरा.

आणि एक फरक लक्षात ठेवा, बर्फाळ वेगळं आणि रवाळ वेगळं. बर्फाचा कण जिभेवर लगेच विरघळतो. कण तसाच राहिला, बारीक वाळू चघळल्यासारखं वाटलं, तर तो बर्फ नाही, ती दुधातली साखर, लॅक्टोज, स्फटिक होऊन बसलीये. दूध पावडर जास्त घातली किंवा माल फार दिवस पडून राहिला की असं होतं. पहिला दोष बहुतेक वेळा फ्रीझरचा, दुसरा बहुतेक वेळा रेसिपीचा.

हवा भरतात म्हणे, ही फसवणूक नाही का?

हवा हवीच. हवा नसेल तर ती गोड बर्फाची वीट होईल, चमचा शिरणार नाही. प्रश्न किती हा आहे. या धंद्यात त्याला ओव्हररन म्हणतात. १०० टक्के ओव्हररन म्हणजे एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आईस्क्रीम, निम्मी हवा. जेलाटोत, म्हणजे इटालियन पद्धतीच्या आईस्क्रीममध्ये, साधारण २० ते ४० टक्के असतो, घट्ट आईस्क्रीममध्येही त्याच्याच आसपास, स्वस्त मालात १०० च्या जवळ.

तपासायचं तर घरी नेलेला अर्ध्या लिटरचा डबा काट्यावर ठेवा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करा. मिश्रणाचं वजन लिटरला साधारण ११०० ग्रॅम धरलं तर २५ टक्के ओव्हररनला अर्धा लिटर भरतं ४४० ग्रॅम आणि १०० टक्क्यांना २७५ ग्रॅम. म्हणूनच वजनावर विकणारं दुकान मला जास्त सरळ वाटतं, स्कूपवर विकताना हवेचेही पैसे लागतात. दुकानात बसून काटा नसेल तर चमच्यानं कळतं, हवा जास्त असेल तर चमचा फेसात गेल्यासारखा जातो आणि घास तोंडात गेल्यावर काही उरतच नाही.

काचेमागे उंच डोंगर रचलेले असतात, ते चांगलं लक्षण का?

माझ्या मते नाही. ट्रेच्या काठाच्या वर एक वीतभर गेलेला माल थंड हवेच्या बाहेर असतो, तरी तो ढासळत नाही म्हणजे त्यात आकार धरून ठेवायला बरंच काही घातलेलं आहे किंवा हवा भरपूर आहे. दिसायला सुंदर, खायला चिकट. काठापर्यंत सपाट भरलेले ट्रे किंवा झाकणवाले स्टीलचे खोल डबे दिसले की मला बरं वाटतं, त्यात काहीच दिसत नाही, फोटो येत नाही, पण माल नीट राहतो, आणि फोटोपेक्षा मालाची काळजी करणारं दुकान आहे एवढं तरी कळतं.

अजून दोन गोष्टी बघा: वर पांढरा भुगा जमलाय का, आणि माल डब्याच्या कडेपासून सुटून आत आकसलाय का. दोन्ही जुनेपणाची किंवा तापमान वरखाली झाल्याची खूण.

रंगावरून काही कळतं का?

बरंच कळतं. खरा पिस्ता मळकट हिरवा, थोडा तपकिरीकडे झुकणारा असतो. पोपटी पिस्ता म्हणजे रंग, आणि त्याला कडू बदामासारखा वास येत असेल तर पिस्ता फारसा नाहीच, इसेन्स आहे. केळ्याचं आईस्क्रीम मळकट पांढरं होतं, पिवळं नाही. स्ट्रॉबेरीचं फिकट गुलाबी. पुदिना पांढरा किंवा अगदी पुसट हिरवा. एक भडक ट्रे चालून जातो, सगळेच भडक असतील तर समजायचं.

स्ट्रॉबेरीचे तुकडे दगडासारखे लागतात, म्हणजे फळ खरं आहे ना?

फळ खरं, काम कच्चं. ताज्या फळात पाणी भरपूर, ते तसंच टाकलं की बर्फाचा खडा होतो. साखरेत शिजवून किंवा मुरवून टाकलं की तुकडा मऊ राहतो, कारण साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. हे करणारा माणूस आपलं काम जाणतो.

तोंडात तेलकट थर राहतो, तो कशाचा?

बहुतेक वनस्पती तेलाचा. दुधातलं फॅट साधारण ३२ ते ३५ अंशाला वितळतं, म्हणजे तोंडाच्या उष्णतेला पूर्ण विरघळून जातं. काही वनस्पती फॅट त्याच्या वरच्या तापमानाला वितळतात, मग टाळूला मेणासारखं काहीतरी चिकटून राहतं, जीभ फिरवत बसावं लागतं. अमेरिका, कॅनडा, भारत अशा बऱ्याच देशांत नुसतं "आईस्क्रीम" म्हणून विकायला किमान १० टक्के दुधाचं फॅट लागतं, आणि तेलाचा माल "फ्रोझन डेझर्ट" वगैरे नावानं विकावा लागतो, ब्रिटनमध्ये मात्र तेलाच्या मालालाही आईस्क्रीम म्हणता येतं. त्यामुळे पाटीवरचं नाव आणि डब्यावरची बारीक अक्षरं दोन्ही वाचा.

फॅट जास्त म्हणजे चांगलं असंही नाही हां. फॅट खूप झालं की जीभ झाकली जाते आणि फळाची चव दबते. जेलाटोत फॅट कमी असतं आणि तो जरा कमी थंड देतात, म्हणून त्याची चव चटकन कळते.

स्टॅबिलायझर असलेलं आईस्क्रीम टाळावं का?

नाही. गवार गम, लोकस्ट बीन गम, कॅराजीनन ही नावं ऐकून लोक घाबरतात, पण गवार गम म्हणजे गवारीच्या बियांची पूड, लोकस्ट बीन गम पण एका झाडाच्या बियांचाच, कॅराजीनन समुद्री शेवाळातून येतं. मिश्रणात प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत असतं आणि काम एकच, सुटं पाणी धरून ठेवायचं म्हणजे बर्फाचे कण वाढत नाहीत. अंड्याचा बलक घालतात तो तर इमल्सिफायरच आहे, फॅट आणि पाण्याची सांगड घालणारा. वाईट आहे तो अतिरेक. चमचा उचलताना तार निघते, घास चघळावा लागतो, गिळल्यावर घशाशी लगदा आल्यासारखं वाटतं, तिथे हात सैल सुटलाय.

लवकर वितळतं ते चांगलं की वितळत नाही ते?

दोन्ही टोकं नकोत. मी ही परीक्षा जवळजवळ प्रत्येक दुकानात करतो: एक स्कूप सपाट बशीत किंवा झाकणात ठेवायचा आणि १५-२० मिनिटं हात लावायचा नाही. चांगलं असेल तर कडेपासून हळूहळू वितळतं आणि खाली दाट, एकसारखी साय जमते. आधी नितळ पाणी सुटलं तर मिश्रण फुटलंय. बारीक दही झाल्यासारखे कण दिसले तर दुधातल्या प्रोटीनचा घोळ आहे. आणि २० मिनिटांनीही फेसाचा गोळा तसाच उभा असेल तर मला तो परत खावासा वाटत नाही.

मग ते वितळलेलं चाखून बघा. फार गोड लागेल, त्यात दोष नाही, थंडीत जिभेला गोडी कमी कळते म्हणून साखर जास्तच घालावी लागते. बघायचं ते हे की गोडीखाली दूध लागतंय का, का उकळलेल्या दुधाचा, पुठ्ठ्याचा, जुन्या पावडरचा वास येतोय.

स्वच्छतेचं काय बघायचं?

स्कूप कुठे ठेवतात ते. वाहत्या पाण्यात ठेवत असतील किंवा प्रत्येक वेळी धुवून पुसून कोरडा घेत असतील तर ठीक, पण एका भांड्यातल्या गढूळ पाण्यात सगळे स्कूप दिवसभर बुडवलेले असतील तर मी तिथून निघतो, चव न घेताच. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, झोपतात फक्त, आणि लिस्टेरियासारखे काही तर फ्रिजच्या थंडीतही वाढतात, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना तो विशेष धोका. सॉफ्ट सर्व्हची (नळीतून थेट मऊ आईस्क्रीम सोडणारी) मशीन असेल तर नळीच्या तोंडाशी वाळलेला माल आहे का ते बघा, आणि कधी साफ करता असं सरळ विचारा. नीट साफ करणारा माणूस लगेच उत्तर देतो.

सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर नवीन धुतलेला स्कूप मागा, आणि शक्य असेल तर न उघडलेल्या डब्यातलं. पिस्त्यातून व्हॅनिलात स्कूप जाताना मी शेकडो वेळा बघितलाय.

"होममेड", "आर्टिसनल", "नॅचरल" या पाट्यांवर किती विश्वास ठेवायचा?

पाटीवर शून्य, उत्तरांवर बराच. विचारायचं ते असं: मिश्रण इथे तयार करता का तयार आणता? पाश्चराइझ कुठे होतं? किती तास मुरवता? दूध-सायीचं मिश्रण साधारण ६९ अंशाला अर्धा तास किंवा त्याहून गरम पण थोडा वेळ तापवतात, मग ४ अंशाला आणून काही तास, बरेच जण रात्रभर, मुरायला ठेवतात, त्यात फॅट घट्ट होतं आणि पोत सुधारतो. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसेल तर त्याला दोष देऊ नका, बनवणाऱ्याला विचारा.

आणि तयार मिश्रण आणून त्यात स्वतःचं फळ, स्वतःचं प्रॅलीन (साखरेत परतलेला सुका मेवा) घालून उत्तम माल देणारी दुकानंही आहेत, तसंच सगळं स्वतः करून दर आठवड्याला वेगळीच चव देणारीही आहेत. मी तोंडात जे येतं त्यालाच मार्क देतो.

जास्त फ्लेवर म्हणजे चांगलं दुकान?

उलट. पन्नास डबे रोज संपत नाहीत. बारा-पंधरा फ्लेवर आणि त्यातले दोन-तीन "आज संपले", हे दुकान ताजं असतं.

सॉर्बे कसा पारखायचा?

सॉर्बे म्हणजे फळाचा रस, पाणी आणि साखर गोठवून केलेला माल, त्यातला लिंबाचा घ्या. त्यात दूध नाही, फॅट नाही, लपायला व्हॅनिलापेक्षाही कमी जागा. साखर कमी पडली तर दगड, जास्त झाली तर पाक. नीट जमलेला लिंबू सॉर्बे चमच्यानं मऊ सुटतो, आंबट आधी येतं, सालीचा वास नंतर. मला विचाराल तर एखाद्या बनवणाऱ्याचा हात ओळखायला व्हॅनिलानंतर हाच.

वेगन आईस्क्रीमला वेगळे नियम लावायचे का?

पोत, गोडी, वितळणं यांना तेच नियम. फक्त नारळाच्या दुधावर केलेलं असेल तर प्रत्येक फ्लेवर नारळाचा लागतो का ते बघा. ओट किंवा काजूवर केलेलं मला जास्त जमलेलं वाटलंय.

लिक्विड नायट्रोजनवालं खरंच वेगळं असतं का?

असतं. तो उणे १९६ अंशाला उकळतो, माल काही मिनिटांत गोठतो, म्हणून कण फार बारीक होतात. ॲग्नेस मार्शल या इंग्लिश बाईंनी १९०१ मध्येच द्रवरूप वायूनं टेबलावरच आईस्क्रीम करता येईल असं सुचवलं होतं. पण मिश्रण साधं असेल तर धूर ओसरल्यावर साधंच आईस्क्रीम उरतं. आणि धूर निघत असताना खाऊ नका, पूर्ण थांबू द्या, द्रव नायट्रोजन पोटात गेला तर गंभीर इजा होते.

एका दिवसात किती दुकानं करावीत?

तीन. चौथ्यापासून जीभ बधिर होते आणि सगळं सारखंच लागतं. फिक्यापासून दांडग्याकडे जायचं: आधी साधं दूध, व्हॅनिला, मग फळं, मग सुका मेवा, शेवटी चॉकलेट-कॉफी. मधे साधं पाणी प्या, गार नको. कप घ्या, कोन नको, कोनची चव मधे येते (कोन वेगळा मागून खा, तो कुरकुरीत आणि ताज्या बिस्किटासारखा वासाचा असला तर त्याचे वेगळे मार्क द्यायला काहीच हरकत नाही). आणि पहिला घास घेऊन थोडं थांबा, फार गार असताना चव कळत नाही.

ऑनलाइन रेटिंग बघायचं का?

आकडा नको, मजकूर वाचा. "एकदम मस्त, सुंदर जागा" हे जागेबद्दल आहे. "मागच्या वेळी बर्फ लागला", "पिस्ता बदलला" असं लिहिणारा माणूस परत परत जाणारा असतो, त्याचं ऐका. आणि गेल्या तीन महिन्यांतलंच वाचा, कारण मशीन बदलते, बनवणारा बदलतो, दुकान तेच राहतं.

घरी नेलेलं तितकं चांगलं लागत नाही, दुकानाला दोष द्यायचा का?

आधी आपला फ्रीझर बघा. दुकान उणे १२-१४ ला वाढतं, घरचा फ्रीझर उणे १८ ला असतो, त्यामुळे घट्ट आणि बेचव वाटतं. खायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं खालच्या फ्रिजमध्ये ठेवा. वाटेत वितळलेलं परत गोठवून मग "बर्फाळ आहे" म्हणू नका. डबा फ्रीझरच्या दारापाशी नको, आत मागे ठेवा, आणि उघडल्यावर पृष्ठभागावर कागद चिकटवून झाकण लावा.

नेहमीच्या दुकानाचा माल बिघडला तर सांगावं का?

सांगावंच, पण काउंटरवर सगळ्यांसमोर नको, आणि "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" असंही नको, त्याचं कोणी काय करणार. मी असं सांगतो: "मंगळवारी रात्री व्हॅनिला घेतला, कण मोठे लागले, डब्याच्या कडेला सुटला होता." वर सांगितलेल्या त्या दमलेल्या फ्रीझरच्या मालकाला असंच सांगितलं होतं, ते आधी गप्प बसले, मग आत जाऊन स्वतः चमचाभर खाऊन आले आणि तो डबा काउंटरवरून उचलून नेला. महिन्याभरानं गेलो तर नवीन फ्रीझर होता आणि व्हॅनिला पहिल्या दिवशीसारखा.